तुमचं बोलणं कुणापर्यंत पोचेल, हे ठरवतं कोण?

मेसेज पाठवला की शेजारी बरोबरची एक करडी खूण उमटते. थोड्या वेळाने दुसरी येते आणि मग दोन्ही निळ्या होतात. व्हॉट्सॲपवर पहिल्या खुणेचा अर्थ मेसेज सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मधल्या संगणकावर, पोचला, दुसरीचा अर्थ समोरच्याच्या फोनवर उतरला, आणि निळ्या रंगाचा अर्थ त्याने ते चॅट उघडलं. निळा रंग २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आला. तांत्रिक काम मामुली होतं: चॅट उघडणाऱ्याचा फोन उलट एक छोटीशी पोच पाठवतो. पण तेव्हापासून ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘वाचूनही उत्तर दिलं नाही’ अशा दोन वेगळ्या तक्रारी झाल्या. पत्राच्या काळात दुसरी तक्रार करायला पुरावाच नसायचा. या निळ्या खुणा सेटिंगमधून बंद करता येतात. मात्र मग इतरांच्याही तुम्हाला दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये तर त्या बंद होतच नाहीत.

सोशल मीडियामुळे संवादाचा वेग वाढला असं सगळेच म्हणतात. वेग तारायंत्रानेही वाढवला होता. इथे नवं काय झालं, तर बोलणारा आणि ऐकणारा यांच्या मध्ये एक तिसरा येऊन बसला. कुणाला काय दिसणार, कोणत्या क्रमाने दिसणार, पाहिल्याचं कुणाला कळणार, पुढे पाठवणं किती सोपं असणार, हे सगळं तो ठरवतो. आणि त्याचे निर्णय आपल्यासमोर येतात ते एखादं बटण, एखादी खूण, एखादी यादी बनून.

दोन्ही बाजूंनी बोलणारं पान

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता यायचं, तसंच त्यात लिहिता आणि बदलताही यायचं. पुढे लोकांच्या हाती जे ब्राउझर पडले ते मात्र फक्त वाचायचे. लिहिण्याची सोय वाटेतच गळाली, आणि ती सर्वसामान्यांपर्यंत परत यायला बरीच वर्षं लागली.

वेबच्या मूळ रचनेतही एक अडचण होती. वेब ज्या नियमांवर चालतं ते एचटीटीपी म्हणजे खिडकीवर बसलेला विसराळू कारकून. तुम्ही विचारता, तो उत्तर देतो आणि त्याच क्षणी तुम्हाला विसरून जातो. पुढचा प्रश्न विचारलात की तुम्ही त्याला पुन्हा अनोळखी. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत तोडगा निघाला, तो कुकीचा: कारकुनाने पहिल्याच वेळी हातात एक बिल्ला द्यायचा आणि दर वेळी तुम्ही तो दाखवायचा. लॉग-इन टिकून राहतं ते या बिल्ल्यामुळे, आणि जाहिराती तुमच्या मागे फिरतात त्याची सुरुवातही इथलीच. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, त्यामुळे पानाला ब्राउझरमध्येच थोडीफार अक्कल आली. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची सोय दिली. २००४ मधलं जीमेल आणि २००५ मधलं गूगल मॅप्स यांनी ती सोय किती उपयोगाची आहे हे दाखवून दिलं. आज लाइक दाबलं की सगळं पान पुन्हा उघडत नाही, नुसता आकडा बदलतो. त्यामागे हीच युक्ती आहे.

तरीही विचारायला जायचं ब्राउझरनेच. ‘नवीन काही आलं का?’ असं दर काही सेकंदांनी विचारत राहणं, बहुतेक वेळा ‘नाही’ हेच उत्तर घेऊन परत येणं. २०११ मध्ये वेबसॉकेट नावाचं प्रमाण ठरलं आणि दोन्ही टोकांकडून केव्हाही बोलता येईल अशी उघडी वाहिनी मिळाली. वेबवरच्या चॅटमध्ये समोर ‘टाइप करत आहे…’ असं दिसतं ते अशाच उघड्या वाहिनीच्या जोरावर. तुम्ही पहिलं अक्षर दाबता तेव्हा एक छोटा संकेत जातो, काही सेकंद हात थांबला की तो विझतो. काय लिहिताय ते समोरच्याला दिसत नाही. पण चार वेळा लिहायला घेतलंत आणि चार वेळा थांबलात, हे मात्र त्याला कळतं. बोलण्याआधीची चाचपड पूर्वी फक्त बोलणाऱ्याला ठाऊक असायची.

मोबाइलवर आणखी एक टप्पा वाढतो. प्रत्येक ॲपने स्वतःची वाहिनी उघडी ठेवली तर बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून फोन एकच वाहिनी चालू ठेवतो, ॲपलच्या किंवा गूगलच्या सर्व्हरशी. तुमच्यासाठी मेसेज आला की तो सर्व्हर फोनला टिचकी मारतो आणि फोन झोपलेल्या ॲपला उठवतो. ‘मेसेज तासाभराने एकदम सात-आठ आले’ ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते: बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने ॲपला जागं व्हायलाच दिलेलं नसतं. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या एका ॲपवरचं बंधन काढलं की सहसा काम होतं.

दुसरी नेहमीची गफलत क्रमाची. दोघं एकाच वेळी टाइप करत असतात. तुम्ही पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणता आणि ते ‘हो’ जाऊन बसतं दुसऱ्या प्रश्नाखाली. समोरासमोर आपण एकमेकांचा श्वास पाहून थांबतो, इथे तसं थांबवणारं कुणी नाही. म्हणून एकाहून जास्त प्रश्न उत्तराची वाट पाहत असतील तेव्हा नुसतं ‘हो’ लिहू नये. ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तो दाबून धरायचा आणि त्यालाच जोडून उत्तर द्यायचं.

क्रम लावणारा

फेसबुकवर सुरुवातीला कुणाचं काय चाललंय ते पाहायला त्याच्या पानावर जावं लागायचं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूज फीड आलं आणि सगळ्यांच्या हालचाली एका यादीत दिसू लागल्या. लोक भडकले, निषेधाचे ग्रुप निघाले, लाखो जण त्यांत सामील झाले. गंमत अशी की ते ग्रुप इतक्या झपाट्याने पसरले ते त्याच न्यूज फीडमुळे.

यादी करायची तर क्रम लावणं आलं. तुमच्या ओळखीच्यांनी, तुम्ही फॉलो केलेल्या पानांनी आणि ग्रुपांनी टाकलेल्या शेकडो गोष्टी वाट पाहत असतात आणि तुम्ही पाहणार त्यातल्या जेमतेम वीस-तीस. आधी यंत्रणा हा सगळा ढीग गोळा करते. मग नियमाबाहेरचं आणि तुम्ही नको म्हटलेलं त्यातून काढून टाकते. उरलेल्या प्रत्येक पोस्टबद्दल ती अंदाज बांधते: हा माणूस हिला लाइक करेल याची शक्यता किती, कमेंट करेल याची किती, पुढे पाठवेल याची किती? प्रत्येक शक्यतेला एक वजन असतं. शक्यता गुणिले वजन, मग सगळ्यांची बेरीज. ज्याची बेरीज मोठी ते वर.

हे गणित एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे. खालची वजनं समजण्यापुरती घेतलेली आहेत. खरी कंपनीगणिक वेगळी असतात आणि बदलत राहतात. समजा लाइकचं वजन १, कमेंटचं १०, शेअरचं २०. एक पोस्ट शांत माहितीची: लाइकची शक्यता १० टक्के, कमेंट १ टक्का, शेअर १ टक्का. बेरीज ०.१० + ०.१० + ०.२० = ०.४०. दुसरी पोस्ट डिवचणारी: लाइक ४ टक्के, कमेंट ६ टक्के, शेअर ३ टक्के. बेरीज ०.०४ + ०.६० + ०.६० = १.२४. पहिली पोस्ट अडीच पट जास्त लोकांना आवडणारी आहे, तरी दुसरी तिपटीहून जास्त गुण मिळवून तिच्या वर बसते. त्या ६ टक्क्यांतली प्रत्येक कमेंट ‘हे साफ चुकीचं आहे’ अशी असली तरी बेरजेत काडीचा फरक पडत नाही. या गणिताला कमेंट मोजता येते, ती कशासाठी केली ते सहसा कळत नाही.

वजनं बदलली की माणसांचं बोलणं बदलतं. यूट्यूबने २०१२ मध्ये, किती जणांनी व्हिडिओ उघडला याऐवजी किती वेळ पाहिला याला महत्त्व दिलं. त्याबरोबर नुसत्या भडक चित्रावर लोकांना ओढण्याचा फायदा कमी झाला आणि व्हिडिओ लांबू लागले. फेसबुकने २०१६ मध्ये लाइकच्या जोडीला हसरा, रडका, रागीट असे चेहरे दिले. २०१७ पासून अशा एका चेहऱ्याचं वजन लाइकच्या पाचपट धरलं जात होतं, हे पुढे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून बाहेर आलं. रागीट चेहऱ्याचं वजन नंतर शून्यावर आणावं लागलं. म्हणजे काही काळ रागाने पाहिलेली गोष्ट, आवडलेल्या गोष्टीपेक्षा पाचपट जोराने इतरांपुढे ढकलली जात होती, आणि राग व्यक्त करणाऱ्याला वाटत होतं की आपण विरोध करतोय.

तेव्हा खोट्या पोस्टखाली जाऊन भांडण्याचा मोह आवरावा. खोडून काढायचंच असेल तर वेगळी पोस्ट लिहावी, तिच्यात पहिलं वाक्य खऱ्या माहितीचं असावं, आणि मूळ पोस्ट पुन्हा शेअर करू नये. नको असलेल्या पोस्टवरून रागाने झरझर पुढे जाण्यापेक्षा ‘यात रस नाही’ हा पर्याय दाबणं जास्त उपयोगी, कारण तो संकेत निदान निःसंदिग्ध असतो. बहुतेक ठिकाणी फक्त तुम्ही फॉलो केलेल्यांच्या पोस्ट दाखवणारी वेगळी टॅबही असते, जरा आत दडवलेली. युरोपीय संघाने तर २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात हे बंधनच घातलं: तिथे ४ कोटी ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मंचांनी माणसाच्या सवयींवर न बेतलेल्या यादीचा पर्याय द्यायलाच हवा.

पुढे पाठवण्याची किंमत

ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा आली ती एसएमएसमुळे. एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावत, त्यातली २० नावासाठी राखली. मुळात एका एसएमएसमध्ये १४० बाइटच, म्हणजे १,१२० बिट, मावतात. रोमन अक्षराला सात बिट पुरतात म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी चिन्हाला सोळा लागतात म्हणून बसतात फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द यंत्राला सात चिन्हांचा दिसतो. एसएमएसच्या दिवसांत कितीतरी जण मराठी रोमन लिपीत लिहायचे, त्यामागे कीबोर्डच्या अडचणीइतकाच हा हिशेबही होता.

ट्विटरवरच्या बऱ्याच सोयी कंपनीच्या डोक्यातून निघाल्या नाहीत, वापरणाऱ्यांच्या सवयीतून आल्या. हॅशटॅगची सूचना क्रिस मेसिना या वापरकर्त्याने २००७ मध्ये केली. दुसऱ्याचं ट्वीट पुढे पाठवायचं तर लोक ते हाताने उतरवायचे, आधी ‘आरटी’ (म्हणजे रीट्वीट) अशी दोन रोमन अक्षरं टाकायचे आणि १४० मध्ये बसावं म्हणून कापायचे. या खटाटोपात ते निदान एकदा वाचून व्हायचं. २००९ मध्ये त्याचं बटण झालं आणि वाचण्याची अटच उरली नाही. आमच्या मते गेल्या वीस वर्षांत संवादावर सर्वांत खोल परिणाम करणारं बटण लाइकचं नाही, हे आहे.

याचं मोजमापही झालं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला आणि २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. १,५०० माणसांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, खरं आणि खोटं साधारण सारख्याच वेगाने पसरवत होती. फरक पाडला तो माणसांनी. खोटी गोष्ट जास्त नवलाची असते, आणि नवल सांगायला कुणालाही आवडतं.

व्हॉट्सॲपपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. २०१६ पासून तिथले मेसेज दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात. मधल्या सर्व्हरला मजकूर वाचताच येत नाही, मग खोटं पकडणार कसं? त्यांनी मजकुराला हात न लावता वेग अडवला. मेसेज किती हातांतून गेला याची मोजणी त्या मेसेजसोबतच, कुलपाच्या आत फिरते. जानेवारी २०१९ पासून जगभर एका वेळी जास्तीत जास्त पाच चॅटमध्ये पुढे पाठवता येऊ लागलं. एप्रिल २०२० मध्ये दुहेरी बाण असलेला, म्हणजे निदान पाच हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवण्याचं बंधन आलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीने सांगितलं. बटणात थोडी अडचण घातली की एवढा फरक पडतो! दोन पळवाटा मात्र राहिल्याच. ग्रुप हे एकच चॅट धरलं जातं आणि त्यात १,०२४ जण मावतात. आणि मजकूर कॉपी करून नवा मेसेज म्हणून चिकटवला की मोजणी शून्यापासून सुरू होते, बाण गायब. म्हणून बाण नसणं हा खरेपणाचा दाखला समजू नये. दुहेरी बाण दिसला तर मात्र एवढं नक्की समजावं की पाठवणाऱ्याने हे स्वतः लिहिलेलं नाही. त्याच्यावरच्या विश्वासाचा मेसेजच्या खरेपणाशी काही संबंध नाही.

हरवलेला सूर

लिहिणाऱ्याला आपलं वाक्य आपल्याच आवाजात ऐकू येतं, आणि वाचणाऱ्याला तो आवाज मिळत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना थोडी उपरोधिक आणि थोडी सरळ वाक्यं ईमेलने पाठवायला सांगितली. समोरच्याला यातला फरक ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. कळला तो ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा अंदाज आणि प्रत्यक्ष यांत असं अंतर पडलं नाही.

ही अडचण जुनीच आहे. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी विनोद ओळखू यावा म्हणून अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला होता. २०१० मध्ये इमोजी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, आले. पण युनिकोड ठरवतं फक्त क्रमांक. चित्र ज्याचं त्याने काढायचं. २०१६ मध्ये ॲपलने पिस्तुलाच्या जागी हिरवी पाण्याची पिचकारी काढली. इतर कंपन्या त्या वाटेने येईपर्यंत २०१८ उजाडलं. मधल्या काळात कुणी गमतीने पाठवलेली पिचकारी दुसऱ्याच्या फोनवर खरं पिस्तूल होऊन उतरत होती. पाठवलेलं एक, पोचलेलं दुसरं, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

विरामचिन्हांनीही नवे अर्थ घेतले. चॅटमध्ये वाक्य संपवण्याचं काम पाठवण्याचं बटणच करतं. त्यामुळे पूर्णविराम उरला तो जास्तीचा, आणि जास्तीच्या गोष्टीत माणूस अर्थ शोधतो. ‘ठीक आहे’ आणि ‘ठीक आहे.’ यांतला फरक व्याकरणात कुठेही लिहिलेला नाही, पण दुसरं वाचून अनेकांना समोरचा रागावलाय असं वाटतं. वय वाढेल तसे पूर्णविराम देणारे वाढतात, त्यामुळे हा गैरसमज हमखास दोन पिढ्यांमध्ये होतो. नाराजी, नकार, पैसे, आजारपण यांबद्दल लिहिताना दोन मेसेजमध्ये गुंता सुटला नाही तर तिसरा लिहूच नये, फोन करावा.

चूक लक्षात आली तर व्हॉट्सॲपवर मेसेज १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो आणि साधारण अडीच दिवसांत सर्वांसाठी पुसता येतो. दोन्हींची खूण मागे राहते. शिवाय नोटिफिकेशनमध्ये दिसून गेलेलं आणि स्क्रीनशॉटमध्ये अडकलेलं पुसण्याची सोय कुणाकडेच नाही.

न बोलणारे नव्वद

ऑनलाइन समुदायांचं एक ढोबळ प्रमाण वेबवापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलं: शंभरातला एक सतत लिहितो, नऊ जण अधूनमधून, नव्वद फक्त वाचतात. आकडे जागेनुसार मागेपुढे होतात, पण ग्रुपचं मत म्हणून आपल्याला जे दिसतं ते दहा जणांचं असतं हे धरून चाललेलं बरं. प्रत्यक्ष बैठकीत गप्प बसलेल्याची चुळबुळ तरी दिसते. इथे गप्प माणूस नसल्यात जमा.

त्यामुळे ग्रुपमध्ये निर्णय घ्यायचा असेल तर ‘कुणाची हरकत?’ असं विचारून शांतता पसरली म्हणजे होकार, असं मानू नये. मतदानाचा पर्याय टाकावा, उत्तरांत ‘मला चालणार नाही’ आणि ‘अजून सांगता येत नाही’ हेही असावेत, आणि मुदत तारीख-वेळेसकट लिहावी. ‘उद्या’ लिहू नये. रात्री साडेअकराला लिहिलेलं ‘उद्या’ सकाळी वाचणाऱ्याला परवा वाटतं. काम सांगायचं तर एका मेसेजमध्ये एकच, आणि ज्याने करायचं त्याचं नाव घालून. ‘कुणीतरी बघा’ हे वाचून प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणीतरी बघेल. मुदत संपली की किती जणांनी मत दिलं तो आकडाही निकालासोबत टाकावा, म्हणजे चाळीस जणांच्या ग्रुपमधल्या सात मतांना कुणी सर्वांचं मत म्हणणार नाही.